सोलापूरशी नाते सांगणारी प्रथम दिवस आवरणे : तारीख, शिक्का आणि त्यामागचा इतिहास

भुईकोट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

टपाल तिकिटे जमवणारे सोलापुरात पूर्वीपासून आहेत आणि या मंचावरही त्यांची संख्या कमी नाही. मात्र प्रथम दिवस आवरणांवर, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्यांना एफडीसी किंवा नुसते ‘कव्हर’ म्हणतो त्यांच्यावर, इथे स्वतंत्र चर्चा झालेली मला आढळली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. नवे तिकीट ज्या दिवशी विक्रीस येते त्याच दिवशी, त्या तिकिटावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मारलेले पाकीट म्हणजे प्रथम दिवस आवरण. डाव्या बाजूला विषयाला साजेसे चित्र असते, उजव्या कोपऱ्यात तिकीट असते आणि शिक्का निम्मा तिकिटावर, निम्मा पाकिटावर पडलेला असतो. सोबत टपाल खात्याचे माहितीपत्रक, म्हणजेच ब्रोशर मिळते. असे चित्र छापलेले पाकीट अमेरिकेत जॉर्ज लिन यांनी १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या स्मृतितिकिटासाठी तयार केले आणि तेथून ही पद्धत पसरली. आपल्याकडे स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. तिरंग्याचे चित्र आणि ‘जय हिंद’ ही अक्षरे असलेले ते साडेतीन आण्यांचे तिकीट त्याच दिवशीच्या शिक्क्यासह पाकिटावर सापडले, तर संग्राहक ते जिवापाड जपतात.

आपल्यापैकी बहुतेकांचे अल्बम वर्षानुसार लावलेले असतात. एक वर्ष पूर्ण झाले की पुढचे, आणि मधले एखादे कव्हर राहिले की त्याचा शोध. या पद्धतीत संग्रह वाढतो, पण प्रत्येक कव्हरकडे थांबून पाहणे होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मी गेल्या काही काळापासून एक वेगळा अल्बम लावत आहे. सोलापूर जिल्ह्यात जन्मलेल्या, येथे वावरलेल्या किंवा येथल्या मातीशी बांधलेल्या विषयांची कव्हरे त्यात एकत्र करायची आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे: हे तिकीट याच तारखेला का निघाले, आणि याच वर्षी का निघाले? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की पाकिटावरचे चित्र मागे पडते आणि इतिहास पुढे येतो.

उदाहरण म्हणून आपल्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे कव्हर घेतो. डॉक्टरांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. कोटणीस, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे ते पाच जण. इतर यथावकाश परतले, पण कोटणीस तेथेच राहिले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले.

आपल्या टपाल खात्याने त्यांचे एक रुपयाचे तिकीट ९ डिसेंबर १९९३ रोजी काढले. तारखेचा प्रश्न लगेच सुटतो, कारण ती पुण्यतिथी आहे. वर्षाचा प्रश्न मात्र सुटत नाही. पुण्यतिथीची पन्नास वर्षे १९९२ मध्ये पूर्ण झाली होती आणि १९९३ हे एकावन्नावे वर्ष होते. तिकिटे सहसा पंचवीस, पन्नास, शंभर अशा पूर्ण वर्षांना धरून निघतात, त्यामुळे एकावन्नावे वर्ष मनात सलते. त्या वर्षाकडे जरा मोकळ्या नजरेने पाहिले, तर ७ सप्टेंबर १९९३ रोजी पंतप्रधान नरसिंह राव यांच्या चीनभेटीत प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा करार झालेला दिसतो आणि पुढच्या तीन महिन्यांत हे तिकीट येते. करारामुळे तिकीट निघाले असे मी म्हणत नाही. तिकिटांचे प्रस्ताव टपाल खात्याच्या सल्लागार समितीपुढे बरेच आधी जातात आणि तयारीला वेळ लागतो. तरीही हे कव्हर अल्बममध्ये लावताना मी शेजारी त्या कराराची तारीख लिहिली आहे आणि तिच्यापुढे ‘अनुमान’ असा शब्द ठेवला आहे, कारण हे तिकीट कोणत्या हवेत निघाले ते त्या नोंदीवाचून कळत नाही.

आता माझी विनंती. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्याशी जोडता येईल असे जे कव्हर असेल, त्याची माहिती या दोन प्रश्नांसह इथे लिहावी.

सातरस्ता

धागा उत्तम आणि वेळेवर काढलात. कोटणीसांचा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजू मांडतो, कारण डॉक्टरांचे तिकीट आपल्या आधी चीनने काढले होते.

चीनने ९ डिसेंबर १९८२ रोजी, पुण्यतिथीच्या चाळिसाव्या वर्षी, दोन तिकिटांचा संच काढला: एक ८ फेनचे आणि दुसरे ७० फेनचे (फेन म्हणजे युआनचा शंभरावा भाग). आठ फेन हा त्या काळी चीनमधल्या साध्या पत्राचा दर होता आणि सत्तर फेनचे तिकीट परदेशी हवाई टपालासाठी चाले. त्यामुळे त्या संचाच्या मूल्यातच हेतू वाचता येतो, असे मला वाटते. एक तिकीट चिनी घरांत पोहोचणार होते आणि दुसरे देशाबाहेर जाणार होते. आपण विचारता तो ‘याच वर्षी का’ हा प्रश्न इथेही लागू पडतो. १९६२ च्या युद्धानंतर दोन्ही देशांनी एकमेकांकडे राजदूत पुन्हा नेमले ते १९७६ मध्ये, आणि सीमाप्रश्नावर अधिकाऱ्यांच्या पातळीवरील बोलणी सुरू झाली ती डिसेंबर १९८१ मध्ये. चाळिसावे वर्ष हे निमित्त खरेच आहे, पण दहा वर्षांपूर्वी तिसावे वर्षही आलेच होते आणि तेव्हाचे वारे निराळे होते.

हे दोन्ही पाकिटांचे जोडपान अल्बममध्ये समोरासमोर लावावे. एकाच माणसाला एकाच तारखेला, अकरा वर्षांच्या अंतराने, दोन देशांनी तिकीट दिले आणि तो माणूस आपल्या गावचा, ही गोष्ट सोलापुरातल्या शाळांत मुलांना दाखवण्यासारखी आहे. भैय्या चौकातल्या डॉक्टरांच्या स्मारकाला भेट देणाऱ्यांनी ही दोन्ही पाकिटे आधी पाहून जावे, म्हणजे तेथल्या छायाचित्रांतली माणसे ओळखीची वाटतील. डॉक्टरांच्या पत्नी को छिंगलान आणि मुलगा यिनहुआ यांची नावे माहीत असतील, तर चिनी तिकिटांबरोबरचा मजकूरही जवळचा वाटतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या १९९३ च्या तिकिटाच्याच दिवशी, म्हणजे ९ डिसेंबरलाच, हृदयरोगविषयक जागृतीच्या महोत्सवाचेही तिकीट निघाले होते. त्यामुळे कधीकधी दोन्ही तिकिटे एकाच पाकिटावर लावलेली दिसतात. अशा खासगी जोडणीच्या पाकिटाला टपाल खात्याचे कव्हर समजू नये, पण टाकूनही देऊ नये.

माळरान

मी पक्ष्यांचा माणूस आहे, तिकिटांचा संग्रह त्याच्या ओघाने आला. माझ्याकडून माळढोकाचे कव्हर.

माळढोकाचे तिकीट १ नोव्हेंबर १९८० रोजी निघाले, मूल्य २ रुपये ३० पैसे. निमित्त होते जयपूरला भरलेल्या माळढोक कुळातील पक्ष्यांवरील आंतरराष्ट्रीय परिसंवादाचे. म्हणजे कव्हरचा पत्ता राजस्थानचा, पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, आपल्या नान्नजचे माळढोक अभयारण्य घोषित झाले होते. सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत पसरलेले हे क्षेत्र सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटर होते, त्यात गावे, शेते, रस्ते सगळे आले, आणि पुढे ते घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. परिसंवाद भरला त्याच सुमारास राजस्थानात परदेशी पाहुण्यांच्या तिलोर-शिकारीविरुद्ध मोठा लोकक्षोभ झाला होता. तिलोर हाही त्याच कुळातला पक्षी. हा सगळा काळ एकत्र ठेवून पाहिला तर ते कव्हर एका पक्ष्याच्या चित्रापुरते राहत नाही. देशात माळरानांकडे, म्हणजे महसुलाच्या भाषेत ‘पडीक’ म्हटल्या जाणाऱ्या जमिनींकडे, पहिल्यांदा संरक्षणाच्या नजरेने पाहिले जाऊ लागले त्या वर्षांचा तो पुरावा आहे.

धागाकर्त्यांना एकच विचारतो. ज्या कव्हरच्या शिक्क्यात सोलापूरचे नाव नाही आणि माहितीपत्रकाचा विषयही दुसऱ्या राज्यातला आहे, ते तुमच्या अल्बममध्ये बसते का? माझ्या मते बसायला हवे. नान्नजच्या गवतात आज तो पक्षी दिसणे जवळजवळ थांबले आहे, अशा वेळी हे कव्हर आपण नाही जपायचे तर कोणी?

भुईकोट

निश्चित बसते. शिक्क्यातले गाव हे तिकिटाच्या प्रकाशनाशी किंवा ते रद्द करणाऱ्या कार्यालयाशी जोडलेले असते, विषयाच्या जन्मगावाशी नाही. कोटणीसांच्या कव्हरलाही केवळ शिक्क्यावरून कुणी सोलापूरचे म्हटले नसते. नाते आपण सिद्ध करायचे आणि ते कशाने सिद्ध होते तेही शेजारी लिहायचे. १९७९ आणि १९८० या तारखा आपण जोडून दाखवल्यात, तेवढे पुरेसे आहे.

कंबर_तलाव

नमस्कार. मी संग्राहक नाही, पण धागा वाचून एका विषयावर मार्गदर्शन हवे आहे.

आमचे सासरे मिलमध्ये लिपिक होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या पाकिटांचा गठ्ठा निघाला आहे. काही कोरी, चित्राची आहेत. काहींवर पत्ते लिहिलेले आहेत आणि ती टपालाने आलेली दिसतात. त्यातल्या एकावर लोकमान्य टिळकांचे दोन आण्यांचे तिकीट आहे. पाकीट साधे बदामी, चित्र काहीच नाही. तिकिटावर पुण्याचा साधा गोल शिक्का, तारीख २३ जुलै १९५६. पत्ता निळ्या शाईने लिहिला आहे, आजेसासऱ्यांचे नाव आणि खाली नवी पेठ, सोलापूर, एवढेच, पिनकोड नाही. पाकिटाच्या पाठीवर सोलापूरचा शिक्का आहे, त्यात २४ तारीख वाचता येते, पण तो फिकट आहे. एका कोपऱ्याला टाचणीच्या गंजाचा तपकिरी ठिपका पडला आहे. आमच्या एका परिचितांनी सांगितले की पत्ता लिहिलेले पाकीट खराब समजतात, तिकीट पाण्यात भिजवून काढून घ्या. तसे करावे का? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही पाकिटे कशी ठेवावीत?

भुईकोट

ताई, कृपया ते तिकीट भिजवू नका. तुमच्या हाती या धाग्यातले आतापर्यंतचे सर्वांत बोलके कव्हर आहे.

लोकमान्यांची जन्मशताब्दी २३ जुलै १९५६ रोजी होती आणि तिकीट त्याच दिवशी निघाले. त्या दिवशी पुण्यात कोणीतरी पोस्टात जाऊन ते विकत घेतले, साध्या पाकिटाला लावले आणि सोलापूरला पाठवले. खास सचित्र शिक्का नसला तरी पहिल्याच दिवशीचा साधा शिक्का आहे, म्हणून ते प्रथम दिवस आवरणच ठरते. शिवाय ते प्रवास करून आले आहे. खिडकीवर शिक्का मारून हातात परत दिलेली कोरी कव्हरे हजारोंनी मिळतात. रात्रीच्या रेल्वेने पुण्याहून निघून दुसऱ्या दिवशी सोलापुरात पोहोचलेले पाकीट मात्र त्या एका दिवसाचा पुरावा दोन ठिकाणांहून देते, आणि असे पाकीट खोटे तयार करणेही अवघड असते, कारण मागचा शिक्का पुढच्या शिक्क्याची साक्ष देतो. पिनकोड नसणे हे अगदी योग्य आहे, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. १९५६ च्या पाकिटावर जर तुम्हाला ४१३००१ दिसले असते, तर मला शंका आली असती.

जतनाविषयी. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे: कोकणातल्या किंवा मुंबईतल्या संग्रहांना बुरशीचा जो त्रास होतो, तो आपल्याला कमी होतो. पण उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की डिंक सुकून तडकतो, कागद ठिसूळ होतो आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले पत्र्याचे कपाट दुपारभर तापत राहते. म्हणून कपाट आतल्या, सावलीतल्या भिंतीला हवे. टाचणी, स्टेपल, रबरबँड आणि चिकटपट्टी या चार वस्तू पाकिटांजवळ ठेवू नयेत. वासाचे मऊ प्लॅस्टिक टाळावे, कारण ते पुढे शाईला चिकटते. पॉलिस्टरचे स्वच्छ कप्पे मिळतात ते वापरावेत. जुन्या घरात वाळवी असेल तर खालचा कप्पा रिकामा ठेवावा. गंजाचा ठिपका खोडण्याचा प्रयत्न करू नये; फक्त टाचणी काढून टाकावी.

टपालवाला

टपाल खात्यात काम केले असल्याने दराविषयी दोन शब्द लिहितो, कारण कव्हर वाचताना तिकिटाच्या मूल्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

ताईंच्या पाकिटावरचे दोन आणे हा त्या वेळचा साध्या पत्राचा दर आहे. म्हणजे ज्याने पाठवले त्याने नेमके तेवढेच तिकीट लावले आणि ते पत्र खरोखरच पत्र म्हणून गेले. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. शिवाजी महाराजांचे १९६१ चे तिकीट १५ नव्या पैशांचे, महात्मा फुले यांचे १९७७ चे २५ पैशांचे, कोटणीसांचे १९९३ चे एक रुपयाचे, वालचंद हिराचंद यांचे २००४ चे पाच रुपयांचे. ही बहुतेक मूल्ये त्या त्या काळातल्या साध्या पत्राच्या दराला धरून आहेत. त्यामुळे एखादे पाकीट खरेच प्रवासाला गेले होते की केवळ संग्रहासाठी केले होते, याचा पहिला अंदाज मूल्यावरून येतो. माळढोकाचे २ रुपये ३० पैसे हे त्या वेळच्या देशांतर्गत पत्राच्या दराच्या कितीतरी पट आहे, म्हणून देशातल्या पत्त्यावर साध्या टपालाने गेलेले ते कव्हर दिसले, तर पाठवणारा संग्राहक होता असे खुशाल समजावे.

माहितीपत्रकाची शेवटची चौकट जरूर वाचावी. छपाईची पद्धत, छापणारा कारखाना, किती प्रती छापल्या, तिकीट, आवरण आणि शिक्का यांचे आरेखन कोणी केले, हे तेथे दिलेले असते. आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसने १९५२ च्या संतकवींच्या संचापासून फोटोग्राव्ह्युअर, म्हणजे कोरीव रुळावरून छापण्याची पद्धत वापरली. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर अशी ती सहा तिकिटे. त्यापूर्वी १५ ऑगस्ट १९४८ चा गांधीजींचा संच स्वित्झर्लंडमधून छापून आणावा लागला होता.

मंगळवेढा_ज्वारी

टपालवाले काकांनी संतकवींचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. आमच्या मंगळवेढ्याला आणि पंढरपूरला वगळून जिल्ह्याचा अल्बम पुरा होणार नाही.

पहिले कव्हर महात्मा बसवेश्वरांचे, ११ मे १९६७, मूल्य १५ पैसे. प्रसंग आठशेव्या पुण्यस्मरणाचा. बसवेश्वर कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणला, जाण्यापूर्वी कलचुरी राजा बिज्जलाच्या पदरी मंगळवेढ्यास होते, ही परंपरा आमच्याकडे घराघरांत सांगितली जाते, आणि सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर यांचा कल्याणच्या शरणांशी, म्हणजे बसवेश्वरांच्या पंथातील संतांशी, असलेला संबंध वचनसाहित्यातून सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कव्हर संत नामदेवांचे, ९ नोव्हेंबर १९७०, मूल्य २० पैसे, जन्माच्या सातशेव्या वर्षाचे.

आता तारखांविषयी. भुईकोट यांनी ‘याच तारखेला का’ असा प्रश्न विचारला आहे आणि इंग्रजी तारखांवरून कोटणीस, टिळक, फुले यांची उत्तरे लगेच मिळतात. बसवेश्वर आणि नामदेव यांची मिळत नाहीत, कारण उत्तर दिनदर्शिकेत नसून पंचांगात आहे. ९ नोव्हेंबर १९७० ही तारीख कार्तिकी एकादशीच्या सुमाराची आहे. त्या वर्षी दिवाळीची अमावास्या ऑक्टोबरच्या अखेरीस होती, तेथून मोजावे. नामदेवांची जन्मतिथी कार्तिक शुद्ध एकादशी. म्हणजे टपाल खात्याने तारीख निवडली तेव्हा पंढरपुरात कार्तिकीची यात्रा भरलेली होती. बसवेश्वरांचे ११ मे १९६७ असेच अक्षय्य तृतीयेच्या सुमाराचे आहे आणि बसवजयंती त्याच तिथीला असते. शिवाजी महाराजांचे तिकीट १७ एप्रिल १९६१ चे आहे, तेही वैशाख शुद्ध द्वितीयेच्या सुमाराचे, आणि त्या काळी शिवजयंती त्या तिथीस साजरी होत असे. आजची १९ फेब्रुवारी मनात धरून कोणी त्या कव्हरकडे पाहिले, तर त्याला ती तारीख निरर्थक वाटेल.

म्हणून माझी सूचना अशी की संत, महापुरुष आणि उत्सव यांच्या कव्हरांपुढे इंग्रजी तारखेबरोबर शके, मास आणि तिथी लिहावी. आपल्या घरी जुनी पंचांगे जपून ठेवण्याची पद्धत आहे, ती इथे कामी येईल.

सातरस्ता

मंगळवेढेकर, ही सूचना फारच मोलाची आहे. तिथीचा विचार मी कधी केला नव्हता आणि या पद्धतीने महाराष्ट्रातल्या सर्व संतांची कव्हरे पुन्हा तपासता येतील. नामदेव पायरीचे दर्शन घेणाऱ्या वारकऱ्याला त्या कव्हरची तारीख कोणी समजावून सांगावी लागणार नाही, तो स्वतःच सांगेल.

जुनी_मिल

वालचंद हिराचंद यांचा उल्लेख वर ओझरता आला, त्यांच्यावर सविस्तर लिहायला हवे. त्यांचा जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२. तिकीट २००४ मध्ये निघाले. बाहेरच्या संग्राहकांना वालचंद म्हणजे जहाजे, विमाने आणि मोटारी. त्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाले आणि ती तारीख आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. पण समुद्रापासून इतक्या दूरच्या, कापूस आणि ज्वारीच्या या गावातल्या व्यापारी घराण्यातला मुलगा जहाजांकडे वळला कसा, हा प्रश्न सोलापूरकराने विचारायचा आहे. बांधकामाचे आणि रेल्वेचे ठेके हा त्यांचा पहिला मोठा उद्योग होता. त्या काळात सोलापूर हे मुंबई-मद्रास लोहमार्गावरचे महत्त्वाचे ठाणे होते, हे लक्षात घेतले की साखळीतला पहिला दुवा हाती येतो.

माझा आग्रह असा की अल्बममध्ये वालचंद यांच्या कव्हरशेजारी गिरण्यांच्या छापील नावाची जुनी पाकिटे लावावीत. ती प्रथम दिवसाची नाहीत हे मान्य आहे. पण लक्ष्मी-विष्णू किंवा जुनी मिल यांच्या कार्यालयांतून गेलेली पाकिटे आज रद्दीत जात आहेत आणि भोंगे बंद झाल्यावर या शहराच्या टपालाची ओळख त्यांच्यातच शिल्लक आहे.

टपालवाला

जुनी मिल यांच्या भावनेशी मी सहमत आहे, पद्धतीशी नाही. प्रथम दिवस आवरण, विशेष आवरण आणि व्यापारी पाकीट हे तीन निरनिराळे प्रकार आहेत. विशेष आवरण एखाद्या प्रसंगानिमित्त, संस्थेच्या किंवा प्रदर्शनाच्या निमित्ताने टपाल खात्याचे परिमंडळ, म्हणजे राज्य पातळीवरचे कार्यालय, काढते. त्यावर शिक्का खास असतो, पण तिकीट आधीचेच असते. नवे संग्राहक या दोहोंत गल्लत करतात आणि विक्रेतेही कधीकधी ती होऊ देतात. एकाच पानावर तिन्ही लावले तर गल्लत वाढेल. गिरण्यांच्या पाकिटांना स्वतंत्र भाग द्यावा आणि त्याला पूर्ण मानाने वागवावे.

खोट्या शिक्क्यांविषयीही सावध करतो. जुन्या तिकिटावर नंतर तारीख मागे नेऊन शिक्का मारल्याची उदाहरणे बाजारात असतात. शिक्क्याची रेषा तिकिटावरून पाकिटावर जाताना सरळ जुळते का, शाई दोन्ही कागदांवर सारखी मुरली आहे का, आणि पत्ता असल्यास मागे पोहोचल्याचा शिक्का आहे का, हे भिंगाखाली पाहावे. १९४७ ते १९५० या काळातील खासगी कव्हरे विकत घेताना हे अधिकच पाहावे, कारण किंमत जास्त असते तेथे लबाडीलाही वाव असतो.

भुईकोट

टपालवाले साहेबांचे वर्गीकरण मी स्वीकारतो. अल्बमचे तीन भाग करतो: पहिला प्रथम दिवस आवरणांचा, दुसरा विशेष आवरणांचा आणि तिसरा जिल्ह्यातील पेढ्या, गिरण्या आणि संस्था यांच्या पाकिटांचा. पहिल्या भागात सध्या बसवेश्वर, नामदेव, माळढोक, दोन्ही कोटणीस, वालचंद आणि अहिल्यादेवी होळकर यांची कव्हरे धरतो. अहिल्यादेवींचे तिकीट १९९६ चे, दोन रुपयांचे आहे. त्यांचे जन्मगाव चौंडी हे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात असले, तरी पंढरपूरचा होळकर वाडा आणि आज आपल्या विद्यापीठाला असलेले त्यांचे नाव हे दोन आधार त्यांना या अल्बममध्ये आणण्यास पुरेसे आहेत. ताईंचे टिळकांचे पाकीट विषयाने पुण्याचे आणि पत्त्याने सोलापूरचे आहे, त्याला पहिल्याच भागात, प्रवास केलेल्या आवरणांचे पहिले पान द्यावे असे मला वाटते. ताईंची परवानगी असेल तर त्याचे चित्र घेईन, मूळ पाकीट त्यांच्याच घरी राहील.

कंबर_तलाव

परवानगी आहे. घरात सर्वांना वाचून दाखवले. यजमानांच्या म्हणण्यानुसार आजेसासऱ्यांचे एक स्नेही त्या काळी पुण्यात शिकत होते, अक्षर त्यांचेच असावे. ट्रंकेत त्यांची आणखी पत्रे आहेत, ती जुळवून पाहते. पाकिटाच्या दोन्ही बाजूंची चित्रे कशी काढावीत तेवढे सांगा.

टपालवाला

मोबाइलच्या छायाचित्रापेक्षा स्कॅनर बरा, निदान ६०० डीपीआयवर, आणि पाकिटाखाली काळा कागद ठेवावा म्हणजे पाकिटाच्या कडा स्पष्ट येतात. मागचा फिकट शिक्का एकदा रंगीत आणि एकदा करड्या छटेत घ्यावा.  पाकीट दाबून सपाट करू नये, झाकण हलक्या हाताने टेकवावे. पत्रातला मजकूर घरचा आहे, तो इथे टाकण्याची गरज नाही. अक्षर जुळते की नाही तेवढे कळवावे आणि जुळल्यास त्या स्नेह्यांच्या इतर पत्रांवरचे पुण्याचे शिक्केही पाहावेत, म्हणजे ते कोणत्या पोस्टातून पत्रे टाकत असत ते कळेल.